पानांचं ताट

हो ची मिन्ह सिटीत, म्हणजे पूर्वीच्या सायगॉनमध्ये, फोच्या दुकानात बसलं की वाडग्यासोबत पानांचं एक ताट समोर येतं. जांभळ्या देठांच्या थाई बेसिलच्या अख्ख्या फांद्या, कसली तरी लांबट दातेरी पानं, मुगाचे पांढरेशुभ्र कच्चे मोड, लिंबाच्या फोडी, लाल मिरचीच्या चकत्या. वाडग्यात तळाशी तांदळाच्या चपट्या नूडल्स, वर मांसाचे पातळ काप आणि काठोकाठ नितळ रस्सा. जेवणारा आपल्या हाताने पानं खुडतो, फाडतो आणि वाडग्यात टाकतो. सगळी एकदम नाही, खाता खाता थोडी थोडी. स्वयंपाकघराने पदार्थ अर्धाच करून पाठवलेला असतो, उरलेला अर्धा टेबलावर होतो.

घरी नूडल्स करायचा नाद मला लागला तो या उरलेल्या अर्ध्यामुळे. माझ्या पिढीची नूडल्सशी ओळख चायनीजच्या गाडीवर झाली. मोठी आच, लोखंडी कढई, कोबी, शिमला मिरची आणि शेजवान चटणी. ती चव मला आजही आवडते. पण व्हिएतनाम, थायलंड, मलेशिया या पट्ट्यातल्या नूडल्सचा पिंड वेगळा आहे. तिथे हिरवं पान शोभेला वर भुरभुरलेलं नसतं. ते काढून घेतलं तर पदार्थच राहत नाही.

आपण मराठी माणसं सुगंध तेलात बांधून ठेवतो. मोहरी तडतडली की हिंग, मग कढीपत्ता. पानाचा वास तेलात उतरतो आणि ते तेल आमटीभर पसरतं. फोडणी ही सुगंध टिकवायची युक्ती आहे, आणि ती इतकी पक्की आहे की सकाळच्या आमटीला रात्रीही कढीपत्त्याचा वास येतो. व्हिएतनामी स्वयंपाकात पानाचा सुगंध टिकवायचा नसतोच. बेसिलच्या पानावर तेलाच्या अतिसूक्ष्म ग्रंथी असतात. पान फाडलं की त्या फुटतात, खालून रश्श्याची वाफ लागते आणि वास थेट नाकाशी येतो. हे तेल उडून जाणारं. तीच पानं दहा मिनिटं रश्श्यात उकळली तर वास घरभर दरवळेल आणि वाडग्यात काहीच उरणार नाही. म्हणून पान कच्चं, शेवटच्या क्षणी, आणि पुढच्या चार घासांसाठीची पानं ताटात राखून ठेवलेली.

हे एकदा कळलं की लगेच पुढची अडचण समोर येते. ही पानं मिळणार कुठे? पुण्यात मोठ्या दुकानात प्लास्टिकच्या डबीत बेसिल मिळतं, पण ते बहुधा इटालियन जातीचं असतं, आणि फ्रिजच्या गारव्याने त्याच्या कडा काळ्या पडलेल्या असतात. बाकीच्या पानांचं तर नावही नको. तेव्हा स्वयंपाकाची सुरुवात ओट्यापाशी होत नाही, गॅलरीतल्या कुंडीपाशी होते. माझी गॅलरी पूर्वेकडची आहे, उन्हाळ्यात अकरापर्यंत ऊन असतं. एवढं ऊन या झाडांना पुरतं.

फोबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पानांचं ताट त्याच्या वाट्याला उशिरा आलं. फो मुळात उत्तर व्हिएतनामचा. हनोई आणि नाम दिन्हच्या परिसरात, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्याच्या सुरुवातीपर्यंतच्या काळात तो आकाराला आला. फ्रेंच राजवटीमुळे गोमांसाला मागणी वाढली होती, हाडं स्वस्तात मिळत होती, आणि खांद्यावर कावड घेऊन फिरणाऱ्या विक्रेत्यांनी त्यांचा रस्सा करून विकायला सुरुवात केली. उत्तरेतला फो आजही साधा असतो. रस्सा, नूडल्स, मांस, पातीचा कांदा. चवीला लिंबू किंवा लसणाचा व्हिनेगर. १९५४ साली जिनिव्हा करारानंतर देशाची फाळणी झाली आणि उत्तरेतून आठ ते दहा लाख माणसं दक्षिणेला गेली. फोही त्यांच्याबरोबर गेला. दक्षिणेला मेकाँगचा सुपीक त्रिभुज प्रदेश आहे, बारा महिने हिरवाई आहे, आणि तिथल्या लोकांना जेवणात मूठभर कच्चा पाला लागतोच. त्यांनी या पाहुण्याला पानं दिली, मोड दिले, शिवाय चव थोडी गोडाकडे नेली. १९७५ नंतर सायगॉन सोडून अमेरिका, ऑस्ट्रेलिया, फ्रान्सला गेलेल्यांनी हाच दक्षिणी फो जगभर नेला. इतक्या पानांनी रश्श्याची चव झाकली जाते, असं हनोईची जुनी खवय्ये मंडळी म्हणतात. त्यांचं म्हणणं मला समजतं. तरी मी दक्षिणेच्या बाजूची.

रस्सा मी कोंबडीचा करते. व्हिएतनाममध्येही कोंबडीचा फो अस्सलच समजला जातो. किलोभर हाडं आधी एका पाण्यात पाच मिनिटं खळखळून उकळायची, ते फेसाळ पाणी ओतून द्यायचं, हाडं धुवायची आणि मग तीन लिटर ताज्या पाण्यात मंद आचेवर ठेवायची. झाकण नाही. एखाददुसरा बुडबुडा वर येईल एवढीच आच. रस्सा खळखळला की गढूळ होतो आणि मग तो निवळत नाही. दोन कांदे आणि बोटभर आलं थेट गॅसच्या ज्योतीवर भाजायचं. वाटणासाठी आपण कांदा भाजतो तसाच, वरची साल पार काळी होऊन आतून रस सुटेपर्यंत. काळं खरवडून दोन्ही पातेल्यात.

मसाला पाहून कोणाही मराठी बाईला ओळख पटेल: बाद्यान, दालचिनी, लवंग, धणे, आणि आपल्या मसाला वेलचीच्या जवळची एक मोठी वेलची. गोड्या मसाल्याच्या डब्यातली अर्धी मंडळी इथे हजर आहेत. हा नुसता योगायोग नाही. बाद्यानची झाडं मुळात दक्षिण चीन आणि उत्तर व्हिएतनाममधली. लांग सोन प्रांत त्यासाठी प्रसिद्ध आहे, आणि आपल्या बाजारात येणारं बाद्यान बहुतांशी त्याच मुलखातून येतं. फरक वापरण्यात आहे. आपण मसाला तेलावर भाजतो, कुटतो आणि तो भाजीत विरघळून जातो. फोत तो कोरडा भाजून, अख्खा, कापडाच्या पुरचुंडीत बांधून रश्श्यात सोडतात आणि पाऊणएक तासाने बाहेर काढतात. तीन लिटरला तीन बाद्यान पुरे. चौथं टाकलं की रस्सा काढ्याच्या वाटेला लागतो. गोडीसाठी खडीसाखर, आणि शेवटी मासळीचा सॉस, म्हणजे बारीक मासे मिठात महिनोन्महिने मुरवून गाळलेला अर्क. फु क्वोक बेटावरचा नावाजलेला आहे. बाटली उघडल्यावर वास उग्र येतो, पण रश्श्यात तो कुठल्या कुठे विरतो आणि मागे नुसती खोली उरते.

शाकाहारी घरांनी हिरमुसायचं कारण नाही. व्हिएतनाममधले बौद्ध चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला शाकाहार पाळतात, आणि त्या दिवसांसाठीचा शाकाहारी फो तिथे सर्रास मिळतो. मुळा, गाजर, मक्याची कणसं, वाळवलेल्या अळंबी, भाजलेला कांदा आणि आलं, आणि तोच मसाला. मुळा इथे फार मोठं काम करतो. कच्चा असताना उग्र वाटणारा हा गडी दीड तास मंद शिजला की गोड होतो. मासळीच्या सॉसऐवजी सोया सॉस आणि मीठ.

नूडल्सचं म्हणाल तर फोच्या चपट्या नूडल्स करायची पद्धत बघण्यासारखी आहे. भिजवून वाटलेल्या तांदळाचं पातळ पीठ, उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ताणून बांधलेल्या कापडावर पसरतात, वाफेवर अर्ध्या मिनिटात त्याचा पारदर्शक पडदा तयार होतो, तो बांबूच्या पट्टीने उचलतात आणि मग त्याच्या पट्ट्या कापतात. आपल्याकडे मिळतात त्या वाळवलेल्या. त्या साध्या पाण्यात अर्धा तास भिजवायच्या, लवायला लागल्या की गाळणीत घेऊन उकळत्या पाण्यात काही सेकंद बुडवायच्या आणि थेट वाडग्यात. भांड्यात घालून शिजवत बसलं की लगदा ठरलेला.

गोल, शेवयांसारख्या तांदळाच्या नूडल्सना तिथे बुन म्हणतात, आणि बुन बघितल्यावर मला पहिल्यांदा आठवले ते सिंधुदुर्गातले शिरवाळे. तांदळाच्या पिठाची उकड काढायची, तिचे गोळे उकळत्या पाण्यात शिजवायचे आणि गरम असतानाच लाकडी साच्यातून दाबायचे. दोन माणसांचं काम. एकाने दाबायचं, दुसऱ्याने खाली पान धरायचं. आपण ते नारळाच्या दुधात गूळ-वेलची घालून खातो. मी घरचे शिरवाळे एकदा लिंबू, लसूण, मिरची आणि मासळीच्या सॉसच्या पाण्यात, वर भरपूर पुदिना टाकून वाढले. माझ्या सासूबाईंनी, ज्यांचं माहेर कणकवलीकडचं, वाटी पुढे केली आणि म्हणाल्या, “अजून थोडे घाल गो. पण रस वेगळा काढून ठेवलायस ना?” रस काढून ठेवला होता. दोन्ही संपलं.

आता कुंड्यांकडे वळते, कारण माझा खरा जीव तिथे आहे.

थाई बेसिल आणि आपला सब्जा या एकाच वनस्पतीच्या जाती आहेत. फालुद्यात फुगून येणारं काळं बी ज्या झाडाचं, तेच झाड. वाण्याकडचा सब्जा चिमूटभर ओल्या मातीवर भुरभुरला की दाणे फालुद्यातल्यासारखेच फुगतात आणि आठवड्याभरात उगवतात. पण वास एकसारखा नसतो. माझ्या कुंडीतल्या सब्ज्याला कापराचा उग्रपणा जास्त आहे. थाई बेसिलला बडीशेपेचा गोडवा असतो, तो एस्ट्रागोल नावाच्या द्रव्यामुळे. बाद्यान आणि बडीशेपेतलं सुगंधी द्रव्य अ‍ॅनेथोल, आणि ही दोन्ही एकाच रासायनिक सूत्राची, नुसती रचना थोडी वेगळी. म्हणजे फोच्या रश्श्यात मुरलेलं बाद्यान आणि वरून फाडलेलं बेसिल हे एकाच सुराच्या दोन पट्ट्या आहेत, एक शिजलेली आणि एक कच्ची. हे वाचलं त्या संध्याकाळी मी मुद्दाम रस्सा केला. आधी नुसता प्यायले, मग पान चावलं, मग दोन्ही एकत्र. तेव्हापासून फोत इटालियन बेसिल घालायचा विचारही मनात येत नाही.

थाई बेसिलचं बी ऑनलाइन मिळतं. एकदा झाड झालं की पुन्हा बी लागत नाही. चार बोटांची फांदी खालची पानं काढून पाण्यात ठेवली की आठ-दहा दिवसांत पांढरी मुळं फुटतात. झाड जपायचं ते खुडून. शेंड्याकडून, पानांच्या जोडीच्या बरोबर वर खुडलं की त्या जोडीच्या बगलेतून दोन नवे फुटवे येतात. फुलोरा दिसला की काढायचा, नाहीतर झाड बी धरण्याच्या मागे लागतं आणि पानं लहान, निबर होतात. तुळशीच्या मंजिऱ्या आपल्या घरांत पिढ्यानपिढ्या खुडल्या जातात, त्यामागचं शास्त्र हेच.

आणि तुळस. थायलंडमध्ये मिरची-लसणाबरोबर मोठ्या आचेवर परततात ते ‘क्राफाव’ म्हणजे तुळसच. भातावर खायच्या पदार्थात ती असते आणि पॅड खी माव नावाच्या रुंद नूडल्समध्येही. त्यात हिरव्या मिरीचे घोस असतात, सोबत भरपूर मिरची. तिथली जात थोडी मऊ पानांची, पण लवंगेसारखा झणका तोच, आणि त्याला कारण असलेलं युजेनॉलही तेच. ही पानं मात्र कच्ची टाकत नाहीत. गॅस बंद करता करता मूठभर टाकून दोनदा परतायची. घरात तुळस अशी कढईत जाणार म्हटल्यावर मला आधी विचारून घ्यावंसं वाटलं. सासूबाई म्हणाल्या, “वृंदावनातल्या तुळशीला हात लावू नको. स्वयंपाकाची वेगळ्या कुंडीत लाव. आणि द्वादशीला तीसुद्धा खुडू नको.” त्यांनी स्वतःच वृंदावनाखाली पडलेल्या मंजिऱ्या वेचून बी दिलं. ते रोप आता कमरेएवढं झालंय, आणि द्वादशीला आमच्याकडे पॅड खी माव होत नाही.

गवती चहा तर महाराष्ट्रात घरोघरी आहे. आपण त्याची पात चहात टाकतो आणि बुंधा मातीत राहू देतो. व्हिएतनामी आणि थाई स्वयंपाकी बरोबर उलटं करतात: पात कापून टाकतात आणि खालचा पांढरा, जाडसर, वितीएवढा बुंधा वापरतात. बाहेरचे दोन-तीन पापुद्रे सोलले की आत फिकट जांभळ्या कडांचा कोवळा गाभा लागतो. तो अगदी पातळ चिरून वाटतात किंवा बत्त्याने ठेचून रश्श्यात टाकतात. लहान कुंडीतल्या गवती चहाचा बुंधा पेन्सिलीएवढाच राहतो. जाड हवा असेल तर खोल, रुंद कुंडी, शेणखत, भरपूर पाणी आणि वर्षातून एकदा ठोंब उपटून वेगळे करून पुन्हा लावणं एवढं करायला हवं. पावसाच्या तोंडाशी ठोंब वेगळे करावेत, सगळे जगतात. शेजारीपाजारी वाटूनही उरतात.

कोथिंबिरीचं मुळही असंच. थाई स्वयंपाकात कोथिंबिरीची मुळं, लसूण आणि पांढरी मिरी खलबत्त्यात कुटतात आणि हे वाटण कितीतरी पदार्थांच्या, नूडल्सच्या रश्श्यांच्यासुद्धा, बुडाशी असतं. पानांपेक्षा मुळाचा वास खोल आणि मातकट, आणि शिजवला तरी टिकतो. मंडईतल्या आमच्या मावशी जुडी देताना सवयीने मुळं मोडायला लागल्या की मी हात पुढे करते.

“मावशी, मुळं राहू द्या.”

“मुळं काय करायची गं ताई? माती नुसती.”

“कुटून रश्श्यात घालते. मटणाच्या रश्श्यातसुद्धा चांगली लागतात.”

पुढच्या खेपेला त्यांनी जाड मुळांची जुडी बाजूला काढून ठेवलेली होती. “आमच्या ह्यांनी खाल्लं रश्श्यातून, बरं लागलं,” म्हणाल्या. मुळं दोन-तीन पाण्यांतून घासून धुवायची, आणि जास्त असतील तर फ्रीजरमध्ये ठेवायची. महिनाभर छान राहतात.

पुण्यात पावसाळ्यात कोथिंबीर कुंडीत सडते आणि मंडईत महागते. तेव्हा कामाला येतो राऊ राम. व्हिएतनामी कोथिंबीर म्हणतात त्याला, पण कोथिंबिरीशी याचं नातं नाही. पान अरुंद, टोकदार, मधोमध गडद तांबूस बाणासारखी खूण. वास कोथिंबिरीचा आणि मागून मिरीसारखी तिखट चव. मलेशिया-सिंगापूरच्या लाक्सात, म्हणजे नारळाच्या दुधाच्या झणझणीत रश्श्यातल्या नूडल्समध्ये, हेच पान बारीक चिरून पडतं. कोकणी जिभेला लाक्सा शिकवावा लागत नाही. राऊ रामला ओल हवी, सावली चालते. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचलं तर बाकी झाडं रुसतात आणि हे फोफावतं. मार्च-एप्रिलच्या उन्हात मात्र दुपारी माना टाकतं, तेव्हा ते मी न्हाणीघराच्या खिडकीत हलवते.

ताटातलं ते लांबट दातेरी पान मूळचं अमेरिकेच्या उष्ण भागातलं. आपल्या ईशान्य भारतात ते घरोघरी आहे. मिझोराम-मणिपूरच्या बाजारात त्याच्या जुड्या मिळतात. वास कोथिंबिरीचाच, पण तिप्पट. कडक उन्हात त्याला लगेच काटेरी फुलोऱ्याचा दांडा येतो, म्हणून मी ते गवती चहाच्या आडोशाला ठेवलंय. दांडा दिसला की बुडातून कापते.

ज्याच्या पानाला मधोमध चिमटा घेतल्यासारखी कंबर असते त्या थाई लिंबाचं एक रोपही आहे, पण ते बहुतेक वेळ फुलपाखरांच्या ताब्यात असतं. अळी लहानपणी पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, काळी-पांढरी, जागची न हलणारी. कात टाकत टाकत हिरवीगार होते आणि मग दोन दिवसांत फांदी बोडकी करते. बोट लावलं की डोक्यामागून नारिंगी रंगाची दुबेळकी शिंगं बाहेर काढते आणि आंबट, कुजक्या लिंबाचा वास सोडते. मी तिला मारत नाही. खालच्या बागेतल्या कढीलिंबावर नेऊन सोडते; तोही तिला चालतो.

सगळ्यात जास्त आनंद मला शेपूने दिला. हनोईत एक रस्ता एका पदार्थाच्या नावाने ओळखला जातो, चा का. हळद आणि गलांगल लावून मुरवलेले माशाचे तुकडे आधी भाजतात, मग टेबलावरच शेगडीवरच्या तव्यात तेलात परततात, आणि त्यात ढीगभर शेपू आणि पातीचा कांदा टाकतात. शेपू नुसता मऊ पडला की मासा-शेपू बुनवर घ्यायचा, वर भाजलेले शेंगदाणे. शेपूचं नाव काढताच नाक मुरडणारी माणसं आपल्याकडे घरटी एक असतात. मुगाच्या डाळीत शिजून शिजून बसलेल्या शेपूशीच त्यांची गाठ पडलेली असते. गरम तेलात अर्धं मिनिट परतलेला शेपू वेगळाच लागतो, हलका, किंचित गोड, हळदीच्या तुरटपणाला उचलून धरणारा. मी हे सुरमईचं करते, जानेवारीत, जेव्हा ओली हळद मिळते आणि शेपूच्या जुड्या स्वस्त असतात. गलांगल म्हणजे कुळिंजन; आपल्याकडे वाळलेलं काष्ठौषधीच्या दुकानात घसा बसल्यावर चघळायला मिळतं. कुटायला कठीण जातं, पण वास खरा असतो. ओलं मिळालं नाही तर आलं वापरा आणि चिंता करू नका.

मुगाच्या मोडांचंही सांगते. तिथले मोड बोटभर लांब, जाड, पांढरे. आपण उसळीसाठी मोड दाण्याएवढा झाला की थांबतो. मूग तेच. तळाला भोकं पाडलेल्या डब्यात भिजवलेले मूग पसरायचे, वर ओलं फडकं, त्यावर ताटली आणि तिच्यावर वजन, आणि डबा पूर्ण अंधारात. दिवसातून चार-पाच वेळा वरून पाणी ओतून निथळू द्यायचं. वजनामुळे देठ जाड होतात आणि अंधारामुळे पांढरे राहतात. चार-पाच दिवसांत डबा वर उचलला जातो. हे मोड शिजवायचे नाहीत, खायच्या आधी गरम पाणी ओतून काढायचं तेवढंच.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी रश्श्याच्या फंदात पडू नये. गोल नूडल्स शिजवून गार पाण्यात धुवाव्यात. काकडी, गाजर, मोड, भाजून जाडसर कुटलेले शेंगदाणे, आणि तव्यावर परतलेलं काहीही: कोळंबी, कोंबडी, पनीर. एक वाटा मासळीचा सॉस, एक साखर, एक लिंबाचा रस, चार वाटे पाणी, ठेचलेला लसूण, मिरची, हे वरून. शाकाहारी करायचं तर सोया सॉस आणि मीठ. पानं पुदिन्याची, सब्ज्याची, कोथिंबिरीची, दोन मुठी तरी. चिमूटभर घालून हा पदार्थ जमत नाही. पुण्याच्या एप्रिलमध्ये रात्री नऊ वाजता गरम वरण-भात नको वाटतो तेव्हा आमच्याकडे हेच असतं.

माझ्या गॅलरीत अजून पेरिला नाही. हनोईच्या बुन चाला, म्हणजे कोळशावर भाजलेलं डुकराचं मांस आणि नूडल्स या जोडीला, तो हवाच. एका बाजूने हिरवं आणि दुसऱ्या बाजूने वांग्याच्या रंगाचं पान, वास जिरं आणि पुदिन्याच्या मधला कुठला तरी. उत्तराखंडात भंगजीरा नावाने याचंच बी चटणीला वापरतात, तिकडून एका मैत्रिणीने थोडं पाठवलंय. त्यातून जांभळी पानं येतील की नुसती हिरवी, ते उगवल्यावर दिसेल. बी फार काळ जिवंत राहत नाही म्हणून फ्रिजमध्ये ठेवलंय, आणि पेरायचं फेब्रुवारीत, कारण दिवस लहान होऊ लागले की पेरिला पानं सोडून फुलोऱ्यावर येतो. दिवस मोठे होत असताना त्याला वाढून घ्यायला वेळ मिळायला हवा. कुंडी रिकामी करून ठेवली आहे, माती उन्हात तापवून झाली, गांडूळखत मिसळायचं राहिलंय.